गणपतीच्या दिवसांत लावलेली कडी

आमच्या घरी गणपतीच्या दिवसांत दाराला कडी असते. येणाऱ्याने बेल वाजवायची, बाहेर थांबायचं आणि मी सांगेन तेव्हाच आत यायचं. हे ज्यांना पटत नाही त्यांनी व्हिडिओ कॉलवर दर्शन घ्यावं. मी नाशिकची, आता कतारमध्ये, दोह्यात राहणारी. माझ्या माहेरी त्या पाच दिवसांत दार ढकललं की उघडायचं, त्यामुळे मी काय मोडलंय हे मला कोणी समजावून सांगायला नको.

ज्याच्यामुळे हे झालं तो आत्ता माझ्या टेबलाखाली चार पाय चार दिशांना टाकून झोपलाय. तो सलुकी आहे, म्हणजे ग्रेहाउंडचा इकडचा भाऊबंद. लांब तोंड, कानांवर रेशमी केस आणि पाठीला लागलेलं पोट. वाळवंटात यांच्या शर्यती होतात. कुत्री पुढे धावतात आणि लोक लँडक्रूझरमधून हॉर्न वाजवत, ओरडत त्यांच्या मागे जातात. शर्यत संपली की गाडीचं मागचं दार उघडतं आणि कुत्रा आत उडी मारतो. पळणं थांबलं की बरेच मालक त्यांना जन्मभर सांभाळतात. काही कुत्री मात्र रस्त्याच्या कडेला सापडतात. हा तसा सापडला होता, उजवा मागचा पाय दुखावलेला.

अशा कुत्र्यांना घर शोधून देणारा इथे काही बायकांचा गट आहे. पर्ल या इथल्या महागड्या वस्तीत राहणारी एक इंग्रज बाई त्याचं सगळं बघते. कायमचं घर मिळेपर्यंत कुत्रा कोणीतरी तात्पुरता सांभाळायचा, त्याला फॉस्टर म्हणतात. मुलीने हट्ट धरला, मी हो म्हटलं. "सहा आठवडे. त्याच्या पुढे एक दिवस नाही," नवऱ्याने बजावलं. मीही मान डोलावली, आणि ती खोटी होती.

तो आला त्या दिवशी आमच्या बिल्डिंगखाली बाईंच्या गाडीतून उतरेचना. शेवटी आम्ही त्याला उचलून आणला. फॉर्मवर त्याचं काहीतरी इंग्रजी नाव होतं, त्याला तो ओ द्यायचा नाही. चालणं मात्र असं की वाटेतली माणसं आपोआप बाजूला होत. मी त्याला 'राजे' म्हणायला लागले आणि त्याने ते चालवून घेतलं.

फरीज बिन ओमरान भागातल्या आमच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये कुत्रा म्हटल्यावर लोकांना बोलायला विषय मिळाला. आमच्या मराठी कंपूतल्या सगळ्यात ज्येष्ठ म्हणजे अल नस्र भागात राहणाऱ्या काकू. त्यांनी त्याच्या बरगड्या मोजल्या आणि विचारलं, "काय गं, याला उपाशी ठेवतेस का?" मला ते लागलं. मी लगेच तूप-पोळी सुरू केली. पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी वजन केलं आणि मला झापलं, याच्या बरगड्या दिसायलाच हव्यात म्हणून. त्यानंतर कोणी काही बोललं की मी म्हणायचे, "तुमच्या दिसत नाहीत, त्याची काळजी करा."

एकटा वॉचमन माझ्या बाजूने होता. म्हातारा सुदानी, पूर्वी एका शेतावर शर्यतीचे सलुकी सांभाळलेला. वरच्या मजल्यावरून तक्रार आली तेव्हा बिल्डिंगच्या मालकाशी तोच बोलला. मला म्हणाला, "मॅडम, ये कुत्ता नहीं. ये सलुकी है." त्याच्या लेखी विषय तिथेच खलास.

पाचव्या आठवड्यात मी बाईंना सांगितलं की आम्ही त्याला कायमचा घेतो. त्या गोड हसल्या. म्हणाल्या, बेल्जियममध्ये एक कुटुंब तयार आहे, त्यांना बाग आहे. तुम्ही फ्लॅटमध्ये राहता, दर उन्हाळ्यात इंडियाला जाता. ऑक्टोबरमध्ये हवा निवळली की त्याला विमानात बसवू. मी म्हटलं, आम्ही उन्हाळ्यात आळीपाळीने जाऊ, मला दत्तक घ्यायचा फॉर्म द्या. "बघू," म्हणाल्या, आणि पुन्हा एकदा बजावलं: दार कधीही उघडं नको. सलुकी एकदा सुटला की हाकेला परत येत नाही.

मला हे पाठ होतं. तरीही गणपती आले आणि मी दार उघडं ठेवलं.

सवयीने ठेवलं, दुसरं काही नाही. बाप्पा घरात असताना येणाऱ्याला बेल वाजवायला लावणं माझ्या रक्तातच नव्हतं. दाराबाहेर चपलांचा ढीग, दार अर्धवट लोटलेलं, आत मोदकांची वाफ. राजेंना मी बेडरूममध्ये बंद केलं होतं आणि तेवढं पुरेल असं मला वाटलं. संध्याकाळच्या आरतीला पंधरा-वीस माणसं होती. पर्स ठेवायला म्हणून काकूंनी बेडरूमचं दार उघडलं, त्याच वेळी झांजा सुरू झाल्या. त्या आवाजाने तो उठला तो थेट माणसांच्या पायांतून, चपलांवरून, जिन्याने खाली. आरतीचं एक कडवंही झालं नव्हतं.

आम्ही सगळे मागे धावलो. बिल्डिंगमागे मोकळी रेताड जागा आहे आणि तिच्या पलीकडे मोठा रस्ता. सप्टेंबरची संध्याकाळ, ऊन गेलेलं, पण डांबर अजून तापलेलं. झब्बे घातलेले पुरुष, नऊवारीतल्या बायका, दोघांच्या हातात झांजा तशाच. सगळे ओरडत होते. एका गृहस्थांनी गाडी काढली आणि हॉर्न वाजवत त्याच्या मागे घातली. तो लंगडा पाय घेऊन असा पळत होता की बघवत नव्हतं. दर वेळी रस्त्याच्या जास्त जवळ.

वॉचमनने माझा दंड धरला. तो असा कधी कोणाला हात लावत नाही.

"मॅडम, सब को बोलो खलास. पीछे आवाज, पीछे गाडी. वो समझता है रेस है. तुम रुकेगा तो वो रुकेगा."

म्हणजे त्याला पळवत होतो ते आम्हीच. हे कळल्यावर मला स्वतःची जी शिसारी आली ती अजून पुरती गेलेली नाही. मी आयुष्यात ओरडले नव्हते इतक्या जोरात ओरडले, "सगळे खाली बसा. हॉर्न बंद करा. एकाने हाक मारायची नाही." आणि ती वीस माणसं, त्यात कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असलेले दोघे, रेतीत मांडी घालून बसली.

तो थांबला. धापा टाकत रस्त्याच्या कडेला उभा राहिला. मग मला तो पहिला दिवस आठवला, गाडीतून न उतरलेला. नवऱ्याला म्हटलं, "आपली गाडी इकडे आण, हळू. मागचं दार उघड आणि तिथून बाजूला हो." नवरा कुत्र्याच्या बाबतीत माझं कधी ऐकत नाही, तेव्हा ऐकलं. गाडी रेतीत उभी राहिली, दिवा लागलेला, एसी चालू, दार सताड. मी गाडीकडे पाठ करून बसले. मुलगी माझ्या कानात पुटपुटत होती, "प्लीज, प्लीज, प्लीज." किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मग मागे सीटवर काहीतरी धपकन पडल्याचा आवाज आला आणि वॉचमनने दार लोटलं. आभार मानायला, "शुक्रन" म्हणायला माझं तोंड उघडलं, पण रडूच आलं.

त्याचे चारही पंजे भाजले होते.

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "सापडला ना. आता बाईंना कळवायची काय गरज आहे? कळवलंस तर उद्याच घेऊन जातील." तो चुकीचं बोलत नव्हता. फॉस्टरकडून कुत्रा सुटला तर त्याला तिथून हलवायचं, हा त्यांचा नियम मी सही करून मान्य केला होता. मी तरीही फोन केला. त्याच्या भाजलेल्या पायांना पट्ट्या मी बांधल्या होत्या आणि वर खोटंही मीच बोलायचं, एवढं माझ्याच्याने होत नव्हतं. बाई शांत आवाजात म्हणाल्या, "मी उद्या संध्याकाळी येते." मी म्हटलं, "या. पण तो जाणार नाही, हे आत्ताच सांगते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाळांसाठी मिळतं तसं लाकडी फाटक आणलं, पॅसेजमध्ये ठोकलं आणि दाराला कडी घातली. बाहेर कागद चिकटवला: बेल वाजवा, थांबा. पहिली बेल काकूंची होती. आदल्या दिवसापासून त्या कोणाशी धड बोलल्या नव्हत्या. कागद वाचून म्हणाल्या, "बाप्पा घरात असताना दार बंद? तीस वर्षांत दोह्यात असं घर पाहिलं नाही मी."

"मग आज बघा," मी म्हटलं. "आधी फाटक लागतं, मग दार उघडतं. बाप्पा आत आहे, काकू, आणि तोही आत आहे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, चपला काढल्या आणि फाटकाची कडी दोनदा ओढून बघितली. मग आत जाऊन राजेंच्या शेजारी जमिनीवर बसल्या. गुडघ्यांमुळे त्या कुठेच जमिनीवर बसत नाहीत.

आरतीच्या आधी पुन्हा बेल वाजली. मी नैवेद्याचं पान वाढत होते, म्हणून काकू उठल्या. मला फक्त आवाज ऐकू येत होते. कडी निघाली आणि बाईंचं "हॅलो" ऐकू आलं. फाटक सरकवून त्या तशाच आत यायला लागल्या असणार, कारण काकूंचा ठसठशीत मराठी वळणाचा इंग्रजी आवाज आला, "मॅडम, वेट. फर्स्ट क्लोज धिस डोअर. देन गेट. धिस इज रूल हिअर. फॉर एव्हरीबडी."

 मग दाराची कडी लागल्याचा आवाज आला आणि त्यानंतर फाटकाचा.

बाई आत आल्या तेव्हा त्यांच्या एका हातात पट्टा होता. त्याला न्यायला आणलेला. राजेंनी मान वर केली, त्यांच्याकडे पाहिलं आणि काकू परत शेजारी बसताच त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. आरती झांजांशिवाय झाली, नुसत्या टाळ्यांवर, आणि बाई शेवटपर्यंत उभ्या राहिल्या. मोदक खाल्ला. मग त्यांनी पट्टा पर्समध्ये घातला आणि फॉर्म बाहेर काढला.

बाग आहे का, या प्रश्नापुढे मी लिहिलं: नाही. कुत्रा कधी सुटला आहे का? तिथे मी लिहिलं: हो, एकदा, दार मी उघडं ठेवल्यामुळे. नवरा मागून वाचत होता, त्याने कपाळाला हात लावला. सहीच्या खाली थोडी जागा उरली होती. ती कशासाठी होती मला माहीत नाही, तिथे मी लिहिलं की आमच्या घरी आता दार बंद असतं, गणपतीतसुद्धा.