एकटीसाठी घर

फ्लॅट भाड्याने द्यायचं काम मी एका एजंटवर सोपवलं होतं. त्या दुपारी त्यांनी चाळिशीच्या एका नर्सबाईंना घर दाखवायला आणलं. हॉल, बेडरूम बाईंनी भराभर पाहिलं. स्वयंपाकघरात मात्र ओट्यावरून हलकेच हात फिरवला आणि खिडकी उघडून त्या तिथेच थांबल्या. घर त्यांच्या मनात भरलेलं दिसत होतं.

एजंटनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, या एकट्याच राहणार. सोसायटीत उगाच चर्चा होते. रविवारी चांगली फॅमिली आणतो."

त्यांच्या बोलण्यात वाईटपणा नव्हता, सवय होती. घर म्हटलं की चार माणसं, हे आपण धरूनच चालतो. एकट्या माणसाने तिन्हीसांजेला लावलेला दिवा आपल्या हिशेबातच नसतो. नवरा गेल्यावर इथे नऊ वर्षं मी एकटीपुरता कुकर लावला. तेव्हाही हे घरच होतं.

"करार यांच्याच नावाने करा," मी म्हटलं. "सोसायटीशी मी बोलेन."

बाईंना ते ऐकू गेलं असावं. त्या वळल्या.

"भिंतीला एखादा खिळा ठोकला तर चालेल?"

"हवे तेवढे ठोका," मी म्हणाले.