बुडण्यापुरतं शिसं

रविवारी लेकवरून ओटावाला परत येताना गाडीत ओले टॉवेल, ओले ग्लव्हज आणि किस्से साठतात. पहिले दोन ड्रायरमध्ये जातात. किस्से मी ठेवून घेते, कारण गाडीत बोलायचं काम बाकीचे करतात.

बाकीचे म्हणजे माझा नवरा निखिल आणि बापटकाका-काकू. काका रिटायर्ड इंजिनिअर, आता थंड पाण्यातलं स्कूबा डायव्हिंग शिकवतात. काकू काठावर फोल्डिंग खुर्चीत बसून सगळ्यांवर लक्ष ठेवतात. उन्हाळ्यात लग्न करून मी इथे आले आणि काकूंच्या शेजारची खुर्ची मला मिळाली. खुर्ची छान आहे. फक्त नवरा दर रविवारी डोळ्यांदेखत पाण्यात नाहीसा होतो. लेक गोठायच्या आत एकदा तरी त्याच्याबरोबर खाली जायचं, हे मी मनात ठरवून टाकलं होतं.

*

आईला व्हिडिओ कॉलवर बेसमेंट दाखवत होते. कोपऱ्यात शिशाचे ठोकळे दिसले. मी सांगितलं, पाणी आत येऊ न देणाऱ्या ड्रायसूटमध्ये हवा असते, माणूस तरंगतो, म्हणून तुझे जावई हे कमरेला बांधून पाण्यात उतरतात.

आईने ते ठोकळे पुन्हा एकदा नीट पाहिले. मग हळूच म्हणाली, "तसा स्वभावाने बरा आहे ना गं?"

*

काकांच्या ड्रायसूटची चेन पाठीवर आहे. ती काकूच लावतात. एका रविवारी दोघांचं सकाळीच बिनसलेलं. काकूंनी न बोलता चेन ओढली, काका न बोलता पाण्यात शिरले. नेहमीचं "लागली का नीट?" तेवढं राहिलं. थोड्या वेळात काका बाहेर आले, ते गुडघ्यापर्यंत पाणी भरलेला सूट घेऊन डुलत डुलत.

"विचारायचं तरी," काकू म्हणाल्या.

"सांगायचं तरी," काका म्हणाले.

आणि काकू त्यांचे पाय पुसायला बसल्या.

*

श्वास घ्यायला तोंडात धरतात तो रेग्युलेटर. फार गार पाण्यात तो कधीकधी आतून गोठतो आणि हवा वाहतच सुटते. निखिलचा असाच गोठला. वर कोमट पाणी ओतायचं असतं. काकूंनी घाईत हाताला लागला तो थर्मॉस ओतला. त्यात वेलचीचा चहा होता, दूध-साखरेसकट.

रेग्युलेटर दुरुस्त होऊन आला. निखिल म्हणतो, हवेला अजून वेलचीचा वास येतो. तक्रार करत नाही, नुसतं सांगतो.

*

काकूंनी काकांना सूटच्या आत घालायला जाडजूड स्वेटर विणला. लोकरीत हवा अडकते, त्यामुळे काका बुचासारखे तरंगायला लागले. निखिल म्हणाला, स्वेटर काढा, वजन बरोबर होईल. काकांनी काठाकडे पाहिलं. काकू बघत होत्या.

"दोन किलो शिसं वाढव," काका म्हणाले.

*

माझा नंबर लागला तो सीझनच्या शेवटच्या रविवारी. पूलमध्ये सगळं शिकून झालं होतं, पण लेकमध्ये मी बुडेचना. काकांनी शिसं वाढवलं, तरी हनुवटी पाण्याबाहेरच. शेजारी निखिल माझा हात धरून उभ्याउभ्या तरंगत होता, ओठ निळे पडलेले. पुढच्या वर्षी बघू का, असं काकांनी विचारलं. मी मानेनेच नाही म्हटलं.

काकांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि वाढवलेलं शिसं काढून घेतलं.

"तू श्वास धरून ठेवतेस, बाळा. रेग्युलेटर तोंडात ठेव आणि काहीही बोल. बोललीस की श्वास सुटेल. लाजू नकोस, कुणाला काही कळत नाही. नुसते बुडबुडे ऐकू येतात."

कळणारच नसेल तर ठीक आहे. मी रेग्युलेटरमध्ये म्हटलं, "मला घरची फार आठवण येते."

बुडबुडे वर गेले, मी खाली. पुन्हा तेच म्हटलं. आणखी खाली. निखिल समोरच होता, हात धरून. आम्ही तळाच्या वाळूवर गुडघे टेकले आणि बराच वेळ एकमेकांकडे बघत राहिलो.

वर आल्यावर त्याने तोंडातला रेग्युलेटर काढला. दात वाजत होते.

"मलाही येते," तो म्हणाला. "इतकी वर्षं झाली तरी."