डाळीच्या परवान्यासाठी पाण्याचा रिपोर्ट

बुटीबोरीच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये मी अकरा वर्षं स्टोअर सांभाळलं. कँटीनचं कंत्राट बदललं, नव्या ठेकेदारानं आपली माणसं आणली आणि मी घरी बसले. पण त्या अकरा वर्षांत मला तूरडाळ कळली होती. कोणती लवकर शिजते, कोणती नुसतीच फुगते, कोणत्या पोत्यात वर चांगला माल आणि तळाला चुरी, हे मूठभर डाळ हातात घेतली की मी सांगू शकत असे. म्हणून डाळ, तांदूळ आणि भिवापूरकडची मिरची ठोकात घ्यायची आणि कँटीनवाल्यांना पुरवायची, असं ठरवलं. ओळखीचे दोन कँटीनवाले म्हणाले, "ताई, तुम्ही फक्त परवाना आणा. माल लगेच सुरू करू."

उमरेड रोडवर एका गावाच्या कडेला गोदाम मिळालं. मालक सत्तरीचे शेतकरी, मी त्यांना काका म्हणे. सोयाबीन ठेवायला बांधलेलं ते गोदाम बरीच वर्षं रिकामंच होतं आणि त्याला लागूनच त्यांचं घर. मी गेले की काकू माठातलं गार पाणी देत, आणि ते पिऊन झाल्याशिवाय कामाचं बोलू देत नसत.

खाण्याचा माल विकायच्या परवान्याचा अर्ज ऑनलाइन होता. माझे मिस्टर रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात काउंटरवर बसतात, दिवसभर कॉम्प्युटरच चालवतात. ते म्हणाले, "अर्ध्या तासाचं काम आहे, मी भरून देतो." त्यांनी भरलाही. आठ दिवसांनी अर्ज परत आला. गोदामाचा नकाशा फुटांत काढला होता, मीटरमध्ये हवा होता. मीटरमध्ये काढून दिला. पुन्हा परत. वीजबिलावर काकांच्या वडिलांचं नाव होतं, आणि ते वारून कितीतरी वर्षं झाली होती. काकांनी तहसीलला जाऊन प्रतिज्ञापत्र करून आणलं, तेही उन्हातान्हात, एसटीनं. तिसऱ्यांदा अर्ज परत आला तो मशीनच्या यादीसाठी. यादीत आम्ही 'नाही' लिहिलं होतं.

मग मी स्वतःच अन्न खात्याच्या ऑफिसात गेले. परवाने बघणारी बाई माझ्याच वयाची होती. टेबलावर फायलींचा ढीग, मागे कूलर नुसता आवाज करत होता.

"मॅडम, माझ्याकडे मशीनच नाही," मी म्हटलं. "पोती येतात, पोती जातात."

"मग तसं लिहायचं."

"तसंच लिहिलं होतं."

"'नाही' लिहिलं की सिस्टीम ते अपूर्ण धरते. वजनकाटा आहे ना? तो लिहा." मग कागद उलटत म्हणाली, "आणि पाण्याचा रिपोर्ट जोडलेला नाही तुम्ही."

"पाण्याचा कशाला? मी डाळ विकणार आहे, शिजवणार नाही."

"तिथे माणसं काम करतील, पाणी पितील, हात धुतील. यादीत आहे, मॅडम. मी काढू शकत नाही."

तिचा आवाज चढला नव्हता, त्याचाच मला जास्त राग आला. भांडायला समोर कोणी तरी हवं होतं आणि ती यादी दाखवत होती. बाहेर येऊन मी गाडी सुरू न करताच कितीतरी वेळ उन्हात उभी राहिले. दोन महिने गेले होते आणि एक किलो डाळ विकली नव्हती.

प्रयोगशाळेची बाटली घेऊन बोअरचं पाणी भरायला गेले, तेव्हा काका हसले. "डाळीच्या धंद्याले पाणी तपासून राहिले काय हे लोकं?" मीही हसले. मला वाटलं, आणखी एक कागद, संपलं.

रिपोर्ट आला. पिण्यास अयोग्य. खाली जंतूंचं नाव होतं. बोअर आणि संडासाची टाकी यांत जेमतेम दहा पावलांचं अंतर, हे इतके दिवस डोळ्यांसमोर असून माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मी काकांना कागद वाचून दाखवला. त्यांचा चेहरा बदलला.

"तीस वर्षांपासून आमी हेच पाणी पिऊन राहिलो. आमाले काई झालं काय?"

काकू दारात उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, "मंग तुमचं पोट काहून बिघडते सारखं?"

"तू चूप राय वं." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, मले गोदाम द्याचं नाही. माह्या घराची बदनामी कागदावर नोको."

मी खूप समजावलं. टाकी हलवता येईल, दुसरीकडे बोअर घेता येईल. ते उठून वावरात निघून गेले. भाडेकरार, नकाशा, प्रतिज्ञापत्र, सगळं त्या एका पत्त्याला बांधलेलं होतं, म्हणजे सगळं वाया गेलं. त्या दिवशी मला सगळ्यांचाच राग आला. काकांचा, त्या बाईचा, आणि त्या यादीचा, कारण नेमकं ज्या कलमावरून मी भांडले होते तेवढंच खरं निघालं होतं. बाकीच्या कलमांनी मला नुसतं पळवलं.

चार दिवसांनी काकूंचा फोन आला. अगदी हळू आवाजात. "पाणी किती वेळ उकळाचं वं? याईले नोको सांगू." मी सांगितलं. गोदामाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

दुसरी जागा शहरात मिळाली, एका बंद पडलेल्या छापखान्याची मागची खोली. नळाचं पाणी, वीजबिल जिवंत माणसाच्या नावावर. नकाशा मीटरमध्ये, मशीनच्या जागी वजनकाटा. तरी अर्ज एकदा परत आलाच, फोटो अंधुक म्हणून. शेवटी ऑफिसातली तीच बाई तपासणीला आली. पोती भिंतीपासून लांब ठेवली आहेत का, खाली फळ्या आहेत का, उंदरांचं काय, एवढं विचारून वीस मिनिटांत गेली. एवढ्या वीस मिनिटांसाठी माझा उन्हाळा आणि अर्धा पावसाळा गेला.

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात परवाना आला. मी लगेच त्या दोन कँटीनवाल्यांना फोन लावला. एकानं उचलला नाही. दुसरा म्हणाला, "ताई, लय उशीर केला तुम्ही. आम्ही दुसरा माणूस लावला." उशीर मी केला होता. मी फोन ठेवला आणि त्याला काय काय सांगायला हवं होतं ते नंतर दिवसभर मनात बोलत राहिले.

पहिलं गिऱ्हाईक म्हणून मुलींचं एक हॉस्टेल चालवणारी बाई आली. परवाना मी दारासमोरच लावला होता, नियमच आहे तसा. तिनं तिकडे पाहिलंही नाही. तिला एवढंच विचारायचं होतं की पोती तिसऱ्या मजल्यावर चढवून मिळतील का. हमाल त्या दिवशी आला नव्हता. संध्याकाळी दवाखान्यातून सुटल्यावर मिस्टर आले, आणि आम्ही दोघांनी मिळून तिची दोन पोती वर चढवली.