चिंचेच्या उताराची नोंद

ही गोष्ट माझ्या बायकोलासुद्धा ठाऊक नाही. आणि माझ्या बायकोला माझ्याबद्दल काय ठाऊक नाही, सांगा? मी झोपेत काय बरळलो ते ती सकाळी चहाबरोबर मला ऐकवते. पण हे — हे मी झोपेतही कधी बरळलो नाही. इतकं घट्ट तोंड मिटायला मला कसं जमलं, याचं माझं मलाच नवल वाटतं.

कारण तोंड मिटणं हा काही माझा गुण नव्हे. शिरूरपासून दौंडपर्यंत कुणालाही विचारा. मी सांगितलेली भीमेतली मगर पहिल्या वर्षी दोन हात लांब होती. पाचव्या वर्षी ती बैलगाडीएवढी झाली. परवा पारावर सांगत होतो तेव्हा तिने बैलगाडीच गिळली होती, बैलांसकट, आणि गाडीवान आतून चिलमीला विस्तव मागत होता. लोक पोट धरून हसतात. म्हणतात, "भाऊसाहेब, आता तिला पेन्शनीत काढा!" मग पुढचा चहा येतो.

अशा माणसाने एक दिवस खरं सांगायचं ठरवलं तर त्याच्यावर विश्वास कोण ठेवणार? — हा प्रश्न मी स्वतःला दहा-बारा वर्षं विचारत आलो. फार सोयीचा प्रश्न आहे तो. त्याच्या आड बसलं की बरं वाटतं.

असो. मुंबई राज्य होतं तेव्हाची गोष्ट. मी शिरूरला एका सरकारी कचेरीत कारकून होतो. साहेब यायचा. कुठला ओढा कधी भरतो, कुठल्या गावाला गाडीवाट कुठून जाते, कुठला पाटील कुठल्या पाटलाशी बोलत नाही, हे त्याला जरा उमगू लागायचं — की आलाच बदलीचा कागद! नवा साहेब, पुन्हा श्रीगणेशा. दौंडच्या बाजूला दर हिवाळ्यात लष्कराची तुकडी सरावासाठी तळ टाकायची. तिथेही तीच तऱ्हा. मेजर बदलला की नदी पुन्हा परकी.

तेव्हा आमचे प्रांतसाहेब आणि तिकडचा एक मेजर यांनी बसून एक गोष्ट ठरवली. एक माणूस निवडायचा. दहा वर्षं त्याला हलवायचं नाही. घोड आणि भीमा यांच्या मधला सगळा मुलूख त्याने पायाखाली घालायचा. विहिरी, वाटा, पुराच्या खुणा आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नदीचे उतार — गाडी कुठून पार होते, पाणी किती, तळ कसला. सगळं एका वहीत. एक प्रत कचेरीत, एक लष्कराकडे, आणि दरसाल नवी. शिवाय दोन्हीकडचे नवे अधिकारी वर्षाकाठी आठ दिवस त्या माणसाकडे शिकायला येणार. प्रांतसाहेब म्हणाले होते, "माणूस जाईल, वही राहील."

कल्पना सोन्यासारखी होती. आजही म्हणतो. फक्त माणूस मी होतो.

मला का निवडलं? मी बोललो म्हणून. बाकीचे कारकून साहेबापुढे खाली मान घालून उभे, आणि मी म्हणालो, "साहेब, या नदीतला मासा मला बघून रामराम घालतो." मेजर मोठ्याने हसला. झालं. दहा वर्षं बदली नाही, टेबलावर नकाशा, आणि कॅप्टन-तहसीलदार वह्या उघडून माझ्यासमोर बसलेले. मी सांगायचो, ते उतरून घ्यायचे. तुम्हाला ठाऊक आहे का, आपलं बोलणं शिकलेला माणूस उतरून घेतो तेव्हा काय नशा चढते ती?

पण मला नदी कुणी शिकवली, हे मी त्यांना कधी सांगितलं? नाही. ते आता सांगतो.

कादिरमामा. इनामगावच्या खालच्या अंगाला त्यांची वस्ती. पावसाळ्यात नाव चालवायचे, पाणी उतरलं की बैलगाड्यांना उतार दाखवायचे. त्यांच्या बापानेही तेच केलं, आज्यानेही. दसरा झाला की ते बाभळीची काठी घेऊन एकेक उतार स्वतः चालून बघायचे. काठीला वीतभर अंतरावर खाचा. वाट जिथून जाते तिथे दोन्ही अंगांना निरगुडीच्या फांद्या रोवायच्या. गाडीवानाने दोन फांद्यांच्या मधून जायचं, बस. पूर दरसाल वाळू हलवतो, म्हणून दरसाल नव्याने चालायचं. त्यांचा नेम एकच होता. मला पहिल्याच दिवशी सांगितला होता:

"भाऊसाहेब, ज्या पाण्यात औंदा पाय घातला न्हाई, त्या पाण्याचं औंदा बोलू न्हाई."

मी दोन वर्षं त्यांच्यामागून चाललो. खोटं नाही. कमरेइतक्या पाण्यात, डोक्यावर वही धरून. तिसऱ्या वर्षी वाटलं, नदी तर तीच आहे. चौथ्या वर्षी काठावर बसू लागलो. मामा पाण्यातून ओरडून सांगायचे, मी सावलीत लिहायचो. आणि पाचव्या वर्षी —

इथे मी नेहमी अडतो. मनातल्या मनात सांगतानाही इथेच अडतो.

नियम असा होता की प्रत्येक नोंदीखाली मजकूर लिहायचा, "समक्ष पाहिले", आणि त्याखाली माझी सही व स्थानिक माहितगाराचा अंगठा. दर नोंदीला वस्तीवर जायचं, शाईची डबी न्यायची, कोण कटकट करणार? एका दुपारी मामा बाजाराला शिरूरला आले होते. मी त्यांना कचेरीच्या व्हरांड्यात बसवलं, चहा दिला, आणि वहीत बांधायच्या चाळीस कोऱ्या कागदांवर चाळीस अंगठे घेतले.

ते हसत होते. म्हणाले, "आवं, येवढ्यात तर माझी समदी नदीच तुमच्या नावावर व्हईल की!"

मी म्हणालो, "मामा, तुमचा आमच्यावर भरवसा नाही का?"

"हाय की. तुम्ही लिव्हाल ते बराबरच आसंल."

हे शब्द मी वाढवलेले नाहीत. बाकीचं सगळं वाढवतो, एवढेच राहू दिलेत.

त्या वर्षी पूर जबर आला. दसऱ्यानंतर मामांच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला, पाय सुजून पखालीसारखा झाला. तरी लंगडत लंगडत त्यांनी बरेचसे उतार चालून काढले. एक राहिला. चिंचेचा उतार, त्यांच्या वस्तीपासून लांब, खाली. मी वही पुरी करायला गेलो तेव्हा त्यांनी मला तीनदा बजावलं, "चिंचंच्या उताराचं काय लिहू नगा. तितं मी गेलो न्हाई औंदा. पाय बरा झाला की आठ दिसांत जाऊ."

आठ दिवस! वही चार दिवसांत दौंडला जायची होती. एक पान कोरं गेलं असतं तर काय झालं असतं? कुणीतरी विचारलं असतं, बस. मी म्हटलं असतं, पाहणी राहिली आहे. एवढंच वाक्य होतं ते. पण दहा वर्षांसाठी मुद्दाम नेमलेल्या माणसाला ठाऊक नाही, असा एक उतार? जो माशांचे रामराम घेतो, त्याला?

मी मागल्या सालची नोंद काढली आणि कोऱ्या कागदावर उतरवली. "पाणी गुडघ्याच्या वर चार बोटे. तळ मुरमाड, टणक. भरलेली गाडी जाते. समक्ष पाहिले." खाली सही. त्याखाली मामांचा अंगठा आधीच होता.

पुढचं तुमच्या ध्यानात आलं असेल. तरी सांगतो, कारण न सांगता सुटणं हीच माझी खोड.

जुना मेजर बदलून गेला होता. नवा कॅप्टन तरुण होता, आणि त्याने काहीही चुकीचं केलं नाही. सकाळच्या उन्हात ट्रक चिंचेच्या उताराशी आणला. वही उघडली, पान वाचलं. पलीकडच्या काठावर उसाला पाणी देणारा एक शेतकरी हात हलवून ओरडत होता, "तिकडनं न्हाई! तिकडनं न्हाई! खालचं समदं खचलंया!" कॅप्टनने त्याला वही उंच धरून दाखवली. नोंद आहे, काळजी नको, अशा अर्थी. मग ट्रक पाण्यात घातला.

पुराने तिथला मुरूम खरवडून नेला होता. पुरुष-दीड पुरुष खोल डोह झाला होता. ट्रकमध्ये आठ जवान होते. सहा बाहेर आले.

चौकशी दौंडच्या डाक बंगल्यात झाली. मामा पांढरा सदरा घालून आले होते, टाचेला अजून फडकं बांधलेलं. साहेबांनी वही त्यांच्यापुढे धरली.

"हा अंगठा तुझा?"

"व्हय साहेब. अंगठा माझाच हाय."

"मग ही माहिती तू दिलीस?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. वाट बघितल्यासारखं, पाण्यातून मागे वळून मी येतोय ना हे बघायचे तसं. म्हणाले, "भाऊसाहेबांना इचारा. त्ये सांगतील काय झालं त्ये."

आणि माझं हे तोंड — मगरीच्या पोटातल्या गाडीवानाला बोलतं करणारं हे तोंड — काय बोललं ऐका:

"मामांनी सांगितलं तसं मी लिहिलं, साहेब."

मी मामांना ओळखत होतो. ते साहेबाला सांगू शकले असते की अंगठा कोऱ्या कागदावर दिला. पण मग भाऊसाहेब खोटारडे ठरले असते, आणि समोर बसलेल्या माणसाला तोंडावर खोटारडा म्हणायचं त्यांना जमणारं नव्हतं. मला ते ठाऊक होतं. त्याच भरवशावर मी बोललो.

त्यांचा नावेचा परवाना गेला. तीन पिढ्यांची नाव काठावर उलटी पडली आणि उन्हाने तडकली. गाडीवान आपापल्या अकलेने पाण्यात उतरू लागले. मामांनी निरगुडीची फांदी रोवली तर लोक ती उपटून टाकत. पुढे ते रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागले.

माझं काय झालं? मला सांगण्यात आलं की इथून पुढे स्थानिक लोकांवर विसंबू नका. माझा मान वाढला. नव्या अधिकाऱ्यांना शिकवताना मी तो प्रसंग सांगायचो — अडाणी माहितगार कसा घात करतो याचा दाखला म्हणून. आणि पारावर? पारावर मी त्याची गोष्ट केली. त्या गोष्टीतला नावाडी शिंदी पिऊन नदी मोजतो आणि काठी उलटी धरतो. मी त्याची चाल करून दाखवायचो, लंगडत. लोक हसायचे.

पण हेही अजून सगळं नाही.

चौकशी झाली त्या दिवशी मामा डाक बंगल्याच्या फाटकाशी थांबले होते. मी अंग चोरून निघालो. त्यांनी मला हाक मारली. मला वाटलं आता शिव्या देतील, आणि खरं सांगू? — हवंच होतं ते. ते म्हणाले, "भाऊसाहेब, ती दोगं पोरं कुठली हुती? नावं काय त्यांची? दुवा मागाय नाव लागतं."

मला ठाऊक नव्हतं. चार दिवस मी स्वतःच्या कातडीची काळजी करत होतो, मेलेल्यांची नावं विचारायला सवड कुणाला होती? पण ठाऊक नाही म्हणायची जिभेला सवयच नाही. मी तिथल्या तिथे दोन नावं बनवली. एकाला साताऱ्याकडचा केलं, एकाला पंजाबातला. साताऱ्याकडच्याला एक धाकटी बहीणही दिली.

मामांनी ती नावं दोनदा म्हणून पाठ केली.

त्यांच्या लेकीने मला पुढे सांगितलं की अब्बा दर जुम्म्याला त्या दोघांसाठी दुवा मागतात, आणि त्या बहिणीचं लग्न झालं असेल का, असं विचारत असतात. मी मान हलवली. चौकशीचे कागद तोवर माझ्याच ताब्यात आले होते. मुलखातला प्रत्येक कागद जपून ठेवायचा हे माझं काम होतं. त्यात त्या दोघांची खरी नावं होती, गावं होती, बापांची नावं होती. दोघांपैकी कुणीही साताऱ्याचा नव्हता, पंजाबचाही नव्हता. सायकलने दोन तासांत मी वस्तीवर जाऊन आलो असतो.

कादिरमामा त्यानंतर चार वर्षं जगले. चार वर्षं, दर शुक्रवारी, ते माझ्या जिभेवर जन्मलेल्या दोन माणसांसाठी हात पसरत होते. खरी दोन माणसं शिरूरला, माझ्या टेबलामागच्या कपाटात होती. किल्ली माझ्याकडेच असायची.