खाटेच्या पायांखालची पुस्तकं

पाणी पाच दिवसांआड येतं. ते आलं की मुकुंद बोरोटीकर खाली मोटर लावत आणि टाकी भरली की माडीवरचा भाडेकरू सांगे, "काका, भरली." तीन वर्षांत दोघांमध्ये यापलीकडे फारसं बोलणं झालं नाही.

भाडेकरूचं नाव अमरेश. वय चोवीस, टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला. गेल्या वर्षी त्याने शेजारच्या तालुक्यातल्या एका आठवडे बाजारात स्फोट घडवला. सहा माणसं गेली. तो एका जहाल गटाच्या संपर्कात असल्याचं त्याच्या फोनवरून उघड झालं आणि त्यानेही ते नाकारलं नाही.

बोरोटीकर अडुसष्ट वर्षांचे आहेत. पत्नी लीला सहा वर्षांपूर्वी वारल्या. मुलगी चेतना पुण्यात असते. पेठेतल्या एका लहान वाचनालयात ते एकतीस वर्षं ग्रंथपाल होते. निवृत्तीनंतरही रोज संध्याकाळी वाचनालय तेच उघडत, बिनपगारी.

खोलीची झडती झाली तेव्हा पोलिसांनी दोन पंच घेतले: समोरचा किराणावाला आणि बोरोटीकर. खाटेखाली पत्र्याची मोठी ट्रंक होती. ती आत जावी म्हणून खाट उंच केलेली होती, प्रत्येक पायाखाली दोन अशी आठ पुस्तकं घालून. पोलिसांनी खाट बाजूला केली आणि ते ट्रंकेतलं स्फोटाचं सामान काढू लागले. बोरोटीकरांचं लक्ष मात्र पुस्तकांकडे गेलं. त्यांच्यावर वाचनालयाचा शिक्का होता. दोन वर्षांपूर्वी बोरोटीकरांनीच ती बाद करून रद्दीत दिली होती. त्यांनी ती उचलली, रुमालाने पुसली आणि सवयीप्रमाणे विषयवार लावून टेबलावर ठेवली. कोणी हटकलं नाही.

हवालदार लिहीत लिहीत टेबलापाशी आला आणि पुस्तकं कसली आहेत, असं त्याने विचारलं. बोरोटीकर वरच्या पुस्तकापासून एकेक सांगू लागले. युद्ध, क्रांती एवढं ऐकून हवालदाराने लिहिलं, "टेबलावर व्यवस्थित मांडून ठेवलेली युद्ध, क्रांती वगैरे विषयांवरील आठ पुस्तके." युद्ध आणि क्रांतीची मिळून तीनच होती. द्राक्षबागेची निगा, मधुमेहींचा आहार, टंकलेखन आणि दोन भविष्याची ही पाच 'वगैरे'त गेली. वाचनालयाची नोंदवही रोज तपासणाऱ्या माणसाने पंचनामा न वाचताच सही केली.

तो कागद आठवड्याभरात वाहिन्यांवर पोचला. स्फोटाच्या कारणांवर चर्चा सुरू झाल्या. एकाचं म्हणणं, अशा पुस्तकांनीच डोकी फिरतात. दुसरा म्हणाला, गिरण्या बंद पडल्यावर रिकामी डोकी असलं काही वाचणारच. कोण चूक, यावर त्यांचं भांडण होतं. अमरेशने ती वाचली, यावर मात्र एकमत होतं. मग कोणाला तरी शिक्का दिसला. वाचनालयावर दोनदा दगड पडले. कार्यवाह सिद्रामप्पांनी वातावरण निवळेपर्यंत म्हणून कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःकडे ठेवली.

ते कुलूप निघावं, एवढंच बोरोटीकरांना हवं होतं.

शहरात 'हिंसेची मुळे' या विषयावर परिसंवाद झाला तेव्हा ते दुसऱ्या रांगेत बसले होते. प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यायचे होते. त्यांनी लिहिलं, "पुस्तके वाचण्यासाठी नव्हती. खाटेखाली होती. मी स्वतः काढली." सूत्रसंचालकाने चिठ्ठी उघडली आणि हा प्रश्न नसल्यामुळे बाजूला ठेवली. वक्त्यांना शाल-श्रीफळ देऊन कार्यक्रम संपला.

उरलं न्यायालय. साक्षीला बोलावणं आलं त्या आठवड्यात चेतनाचा फोन आला. सही केलीय तेच सांगा, असं तिचं म्हणणं होतं. ते ऐकेनात, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, सहा माणसं मेलीत. त्यात तुम्ही पुस्तकांचं काय घेऊन बसलात?"

 

साक्षीत बोरोटीकरांनी सगळं सांगितलं. जप्तीतली पुस्तकं मागवून घेतली आणि प्रत्येक जोडीतल्या वरच्या, अशा चार पुस्तकांच्या मुखपृष्ठांवरचे खाटेच्या पायांचे गोल वळ दाखवले. बचावाच्या वकिलाने लगेच अख्खा पंचनामाच खोटा असल्याचं म्हटलं. ट्रंक खरी आहे, तीत काय होतं ते मी पाहिलंय, असं बोरोटीकर म्हणाले, पण तोवर सरकारी वकिलाने त्यांना फितूर ठरवण्याची परवानगी मागितली होती.

"पुस्तकांनी नाही, तर मग कशाने?" सरकारी वकिलाने उलटतपासणीत विचारलं.

"मला माहीत नाही."

"तीन वर्षं तुमच्या डोक्यावर राहत होता."

"हो. मी त्याला कधी काही विचारलं नाही."

दुसऱ्या दिवशी 'ग्रंथपाल फितूर' एवढंच छापून आलं. खटला चालू आहे. ट्रंक आणि फोन भक्कम आहेत, त्यामुळे या साक्षीने निकालात फरक पडेल असं दोन्हीकडच्या वकिलांना वाटत नाही. फरक इतरत्र पडला. सिद्रामप्पा घरी आले, चहा न घेता बसले आणि म्हणाले, "बोरोटीकर, आधी नुसता शिक्का होता. आता तुमचं नावही लागलं. आता कुठल्या तोंडानं उघडू?"

शेजारच्या पार्वतम्मा रोज दोन भाकरी देत असत. त्या एकदा दारात रिकाम्या हातांनी आल्या. "तुमी खोटं बोलाचं न्हाय, मला ठाव हाय की," त्या म्हणाल्या. "पर पोरगं घरात लई भांडतंय, काका." सध्या भाकरी ते स्वतः थापतात. कडा फाटतात.

संध्याकाळी वाचनालयाच्या वेळेला ते अजून कपडे बदलून बाहेर पडतात, कुलूप बघून परत येतात. माडीवरची खोली त्यांनी पुन्हा भाड्याने दिलेली नाही. खाट पायांवर उभी आहे, पूर्वीपेक्षा चार बोटं खाली. पाणी आलं की ते मोटर लावतात आणि टाकी भरली का ते बघायला स्वतः जिना चढतात.