हातमोज्यांच्या शेडचं मागचं दार

कामाचा रिपोर्ट लिहायला बसले की चार ओळी सुचत नाहीत. किस्से मात्र दाराआडच्या प्लास्टिक पिशव्यांसारखे साठत राहतात. एक ओढली की दहा बाहेर! सांगायचे कुणाला, एवढाच प्रश्न. नवरा नोकरीसाठी सिरोंचाला, मी मूल गावात भाड्याच्या दोन खोल्यांत, आणि दोन वर्षांची मुक्ता अजून किश्श्यांना हसत नाही. म्हणून तुम्हाला सांगते.

आमची संस्था कामगारांच्या सुरक्षेसाठी लढते. संस्था म्हणजे नागपुरातलं ऑफिस आणि इथे एकटी मी! माझ्या वाट्याला एकच कारखाना, गावाबाहेरची एक शेड. साठेक बायका तिथे चामड्याचे हातमोजे शिवतात. ते परदेशी जातात, तिकडच्या कामगारांचे हात सलामत राहावेत म्हणून. शेडला दोन दारं. मागच्या दाराला कायम कुलूप, कारण म्हणे माल चोरीला जातो. आत चामडं, फोम आणि चिकटवायच्या सोल्यूशनचे डबे. एक ठिणगी पडली तर साठ बायका एका दारातून कशा निघणार? वर्षभर माझी एकच मागणी होती : काम चालू असताना ते कुलूप काढा.

*

पहिली सभा समाजमंदिरात घेतली. वेळ चारची, खुर्च्या चाळीस. साडेपाचपर्यंत तिथे मी, मुक्ता आणि खुर्च्या भाड्याने देणारे भाऊ! शेवटी त्यांनाच बसवून आग लागल्यावर काय करायचं ते सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं.

“बरोबर हाय मॅडम तुमचं,” ते उठत म्हणाले. “पन माह्या खुर्च्या प्लास्टिकच्या हाय. लवकर वापस नेतो!”

*

शेडमधल्या सगळ्यांत जुन्या वच्छलाबाई. एकदा मशीनची सुई त्यांच्या बोटातून आरपार गेली. मी तावातावाने सुपरवायझरला गाठलं. “हातमोजे शिवणाऱ्या बायकांना हातमोजे का देत नाही?”

“मॅडम, हातमोजे घालून हातमोजे शिवून दाखवा!”

मी घरी जाऊन खरंच प्रयत्न केला. नाही जमत. धागासुद्धा ओवता येत नाही! समाजकार्याची पदवी भिंतीवरून बघत होती.

दुसऱ्या दिवशी वच्छलाबाईंना सांगितलं, तर त्या पोट धरून हसल्या. “मोजे कोनाले पायजे होते? सुईसमोर गार्ड पायजे. आमाले आधी इचारलं काऊन नाई?”

*

मग परदेशी कंपनीचा माणूस तपासणीला येणार असं कळलं. त्या दिवशी मागचं दार सताड उघडं! चौकट रंगवलेली, वर ‘एक्झिट’ची हिरवी पाटी, आणि पाहुणा येणार म्हणून उंबऱ्यापुढे ही भली मोठी मोराची रांगोळी. मी फाटकाबाहेरून बघत होते. मला आत प्रवेश नव्हता.

साहेब त्या दारापाशी आला. बाहेर पडायला पाऊल उचललं, खाली मोर बघितला, पाऊल मागे घेतलं आणि हात जोडून पुढच्या दाराने निघून गेला!

त्याची गाडी वळली तसं कुलूप लागलं. रांगोळी आठवडाभर जशीच्या तशी राहिली. विस्कटणार कोण?

*

वच्छलाबाई एकदा माझ्याकडे चहाला आल्या. वर्षभरात घरी आलेल्या त्या पहिल्याच पाहुण्या, म्हणून मी कांदेभजी केली. त्या सगळीकडे नजर फिरवत होत्या. मला वाटलं, पसारा बघताहेत.

“मॅडम, तुमच्या घराले तं एकच दार हाय!”

त्या गेल्यावर मी सिलिंडर तीनदा तपासला.

*

आणि आता हा. आमच्याकडे धानाच्या रोवणीला, म्हणजे भातलावणीला, बायका गटाने जातात. मागितलेल्या मजुरीला शेतमालक हो म्हणेपर्यंत सगळ्या बांधावर उभ्या. एकीचाही पाय चिखलात पडत नाही.

एका सोमवारी मुक्ताला ताप होता. मी दवाखान्याच्या रांगेत असताना वच्छलाबाईंचा फोन आला. सकाळी साठही जणी डबे घेऊन मागच्या दारापुढे ओळीने उभ्या राहिल्या होत्या. भोंगा झाला. कुणी हललं नाही.

“पुढचं दार उघडं हाय ना!” सुपरवायझर ओरडला.

“आमी आजपासून इकडूनच जाऊन राह्यलो.”

तो किल्ली घेऊन आला. किल्ली फिरेना. तपासणीनंतर न उघडलेलं कुलूप आतून गंजलेलं! तेल घातलं, शिव्या घातल्या. शेवटी घामाघूम होऊन त्याने ते दगडाने फोडलं.

“आग लागली असती तं एवढा टाइम भेटला असता का, भाऊ?” मागून कुणीतरी विचारलं.

तरी बायका जागच्याच. मालकाला फोन गेला, वेल्डर आला, कडी कापून काढली. मग एकेक करून सगळ्या आत गेल्या.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मुक्ताला घट्ट धरलं. आनंदच होता, पण तोंडून भलतंच निघालं, “मला का नाही बोलावलं, बाई? मी आले असते ना!”

पलीकडे मशीन थांबल्याचा आवाज आला.

“तुमी असत्या,” वच्छलाबाई म्हणाल्या, “तं आमी साऱ्या तुमच्या मागंच उभ्या राह्यलो असतो.”