बिनगांडुळांच्या कुंड्या

हे जगदंबे, देवासच्या टेकडीवर थोरली आणि धाकटी अशा दोन रूपांनी नांदणाऱ्या माउली, तुझ्या पायांखालचा काळा पत्थरही कालांतराने माती होतो. ती घडविताना कोण कोण राबते, ते तुलाच ठाऊक! तुला वंदून कुसुमावतीबाईंचे चरित्र सांगावयाचे.

टेकडीच्या पायथ्याशी त्यांचे घर. बाई निवृत्त शिक्षिका. मुंग्यांना पीठसाखर घातल्यावाचून चहाचा घोट घशाखाली उतरत नसे. सून अंकिता मातीची अभ्यासक. परसात तिच्या कुंड्या. साऱ्यांत काळ्या दगडाचा चुरा आणि पालापाचोळा. निम्म्यांत गांडुळे, निम्म्यांत नाहीत. गांडुळाच्या पोटातून गेलेला दगडाचा कण लवकर झिजतो काय, त्यातले क्षार सुटतात काय, हे कुंड्यांतून झिरपणाऱ्या पाण्यावरून तिला ताडावयाचे होते.

पावसात गांडुळे फरशीवर येत. पायाखाली चिरडतील म्हणून बाई त्यांना पानावर उचलीत आणि जवळच्या कुंडीत सोडीत. साऱ्या कुंड्या गांडुळांसाठीच, अशी त्यांची समजूत. जीव वाचला, नारायण पावला!

एके दिवशी जेवताना अंकिता म्हणाली, "बिनगांडुळांच्या कुंड्यांचं पाणीही तसंच निघतंय, आई. गांडुळांनी काही फरक पडत नाही, असंच अहवालात लिहून पाठवते उद्या. बस, झालं."

"म्हणजे गांडुळं केस हरली!" मुलगा धीरज हसला. "आई, तू तर त्यांची वकील ना गं?"

काही कुंड्या मुद्दाम बिनगांडुळांच्या ठेवल्या होत्या, हे बाईंना आता उमगले. बोलावे, तर सुनेचे दोन पावसाळे वाया. न बोलावे, तर मुक्या जिवाविरुद्ध खोटी साक्ष. आणि तीही आपल्याच दयेने रचलेली.

"लिहू नकोस, सूनबाई. फरशीवरची गांडुळं मी सोडली तुझ्या कुंड्यांत. दिसेल त्या कुंडीत."

अंकिताने परसात जाऊन बिनगांडुळांची म्हणून ठेवलेली एक कुंडी उपडी केली. काळ्या चुऱ्यात तांबूस जीव वळवळले.

"विचारायचं तरी, आई!" ती पायरीवर बसली.

"चुकले गं." बाई शेजारी टेकल्या.

अंकिताने डोळे पुसले. "उद्या पाठवलंच असतं मी ते."

"म्हणून तर आज बोलले."

पुढल्या पावसाळ्याआधी कुंड्या नव्याने भरल्या. बिनगांडुळांच्या कुंड्यांवर बाईंनी स्वतः जाळी शिवून बसविली. फरशीवरच्या जिवांसाठी तुळशीमागे मातीचे वेगळे घमेले ठेवले.

उत्तर काय येईल ते येवो. माउली, चूक कबूल करणाऱ्या या मुखी तुझे नाम अखंड राहो, अंकिताच्या कष्टांना खरे फळ लाभो, आणि परसातल्या साऱ्या जिवांसह हे घर सुखाने नांदो!